आत्याने राजमा-चावल वाळत घातले

जगात सुकवता येणार नाही अशी वस्तू देवाने अजून घडवलेली नाही, अशी माझ्या आत्याची पक्की समजूत आहे. आणि जी सुकवता येत नाही तिच्यावर विश्वास ठेवू नये, हा त्या समजुतीचा उत्तरार्ध आहे. बोर्ली पंचतनपासून थोडं पुढे समुद्राला चिकटून आमचा कोळीवाडा आहे आणि तिथे तिचं सुकी मासळी करण्याचं काम गेली चाळीस वर्षं चाललं आहे. बोंबील, जवळा, वाकटी हे तर ती सुकवतेच, पण तिच्या दोऱ्यांवर मी आजवर काय काय टांगलेलं पाहिलं आहे ते सांगितलं तर खोटं वाटेल. दहावीत असताना माझी विज्ञानाची वही होडीतून उतरताना पाण्यात पडली. मी रडायच्या बेतात होतो. आत्याने वहीची पानं सुटी केली, बोंबलांच्या शेजारी एकेक करून टांगली आणि दुसऱ्या दिवशी जाळ्याच्या दोऱ्याने शिवून माझ्या हातात दिली. वही तपासताना आमच्या सरांनी वर्गाच्या खिडक्या उघडल्या, पण गुण पूर्ण दिले. पुढे तिच्या मुलाचा, म्हणजे माझ्या आतेभावाचा, मोबाईल भरतीच्या पाण्यात भिजला तेव्हा तिने तो दोन दिवस सुक्या जवळ्याच्या डब्यात पुरून ठेवला. मोबाईल चालू झाला. फक्त तो कानाला लावला की मांजरं मागे लागत. माणसांच्याही तिच्या लेखी दोनच जाती आहेत, सुकणारी आणि सडणारी. दुःख झालं की काही माणसं सुकतात, ती टिकतात. काही आतल्या आत ओली राहतात, त्यांची तिला काळजी वाटते. मला तिने कोणत्या जातीत घातलं आहे हे मी विचारलेलं नाही.

कुठल्याही गोष्टीबद्दल तिचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "किती दिस टिकल?" गावात डांबरी रस्ता झाला तेव्हा सगळे नारळ फोडण्यात दंग होते आणि ही वाकून नखाने डांबर उकरत होती. पुतणीची सोयरीक ठरली तेव्हा मुलाचं शिक्षण, नोकरी, घरदार सगळं ऐकून घेऊन तिने तोच प्रश्न विचारला आणि मुलाकडची माणसं चहा अर्धा ठेवून एकमेकांकडे बघू लागली. माझं बोर्लीत औषधाचं दुकान आहे. बाजारात टोपली घेऊन आली की दुपारच्या उन्हाला ती माझ्या पायरीवर सावलीत बसते. त्यामुळे माझ्या दुकानात शिरलेलं गिऱ्हाईक आधी बोंबलाचा भाव विचारतं आणि मग तापाची गोळी मागतं. धंद्याचं थोडं नुकसान होतं, पण आत्याला पायरीवरून ऊठ म्हणण्याची हिंमत आमच्या अख्ख्या घराण्यात कुणाची नाही. औषधांवर मात्र तिची मर्जी आहे, कारण त्यांच्यावर तारीख असते. "औषधाला आपली मरायची तारीख ठावं असते," ती म्हणते, "डागदराला न्हाय."

आतोबांना मात्र असा कुठलाच प्रश्न पडत नसे. ते तांडेल होते, म्हणजे होडीवर त्यांचा शब्द शेवटचा. घरात शब्दच नव्हता. होडीवर आयुष्यभर ओरडून झालं असल्यामुळे जमिनीवर ते गप्प बसत आणि हसत. त्यांची सारी हौस एकाच गोष्टीत होती, ती म्हणजे आत्याच्या हातचा खारा बांगडा. निखाऱ्यावर भाजलेला बांगडा, तांदळाची भाकरी, फोडलेला कांदा, आणि वर कच्च्या कैरीच्या फोडीला मीठ. मिठाचा खडा तर ते सुपारीसारखा तोंडात ठेवत. आत्या कौतुकाने म्हणायची, "समुद्रावरून आले तरी समुद्र सुटत न्हाय ह्येंचा." मग तीन वर्षांपूर्वी त्यांचे पाय सुजले, डोकं गरगरू लागलं, आणि माणगावच्या डॉक्टरांनी रक्तदाब बघून, रक्त तपासून सांगितलं की मूत्रपिंडं थकली आहेत, मीठ जवळजवळ बंद, आणि सुकी मासळी तर घरात दिसताही कामा नये. आत्या समोरच बसली होती. तिच्या लुगड्याला त्या दिवशीच्या बांगड्यांचा वास येत होता, आणि डॉक्टरांचं बोलणं संपेपर्यंत ती पदर हातात चुरगाळत राहिली.

आतेभाऊ पनवेलला एका कंपनीत आहे. वडिलांच्या आजाराचं ऐकून तो दुसऱ्याच दिवशी आला, तो दोन भल्या मोठ्या पिशव्या घेऊन. पिशव्यांत सुपरमार्केटातले तयार जेवणाचे डबे होते. राजमा-चावल, दाल-खिचडी, व्हेज पुलाव. प्रत्येक डब्यावर हिरवं पान छापलेलं, एका प्रसन्न बाईचं चित्र, आणि मोठ्या अक्षरात आश्वासनं होती. घरच्यासारखं. परिरक्षकं नाहीत. आरोग्यदायी. "आई, टेन्शन नको घेऊ," तो म्हणाला, "सगळं बॅलन्स्ड आहे. तू फक्त आतलं पाकीट उकळत्या पाण्यात पाच मिनिटं टाक. पप्पांना तुझं जेवण आता नको, तुझा हात खारट आहे." तो वाईट बोलला नाही. पोरगं घाबरलं होतं, आणि घाबरलेली माणसं जरा मोठ्यानेच बोलतात. पण चाळीस वर्षं ज्या हाताने घर चालवलं त्या हाताकडे आत्याने एकदा पाहिलं, हे मला दिसलं.

दुसरी कुणी असती तर रडली असती, नाहीतर डबे समुद्रात फेकून आली असती. आत्या दोन दिवसांनी एक डबा घेऊन माझ्या दुकानात आली आणि पायरीवर न बसता थेट आत आली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता. एखाद्या सुताराने दुसऱ्या सुताराचं कपाट बघावं तसं ती डबा उलटासुलटा करून बघत होती. "ह्ये म्हनं नऊ म्हैने टिकतं," ती म्हणाली, "ना ऊन, ना खार. मंग कसं टिकतं ते मला कळाया होवं. वाच." मी त्या वेळी गल्ल्यामागे बसून गरम पाणी ओतलेल्या तयार उपम्याचा कागदी पेला संपवत होतो. तो मी पायाने आत सरकवला. लोकांना रोज औषधांवरची बारीक अक्षरं वाचून दाखवणारा मी, माझ्या स्वतःच्या उपम्यावरची अक्षरं कधीच वाचलेली नव्हती.

मी डब्याची मागची बाजू वाचायला लागलो. पाणी, राजमा, तांदूळ, कांदा, टोमॅटोचा लगदा, तेल, मीठ, साखर. इथपर्यंत आत्या हजेरी घेतल्यासारखी मान हलवत होती. मग माल्टोडेक्स्ट्रिन आलं.

"ह्यो कोन?"

"मक्याच्या पिठापासून काढतात. चवीला फारसं नसतं, भरीला असतं."

"म्हंजे वाट्याखालचा पाला," ती म्हणाली. मासळीचा वाटा लावताना खाली पाला घातला की ढीग उंच दिसतो, हे बाजारात बसणाऱ्या कुठल्याही बाईला ठाऊक असतं. "पुढं वाच."

पुढे झँथन गम होता. रस्सा एकजीव राहावा, पाणी सुटू नये म्हणून तो घालतात, असं मी सांगितलं. "मंग ह्येंचा रस्सा आपसूक धरत न्हाय," तिने निकाल दिला, आणि त्यात तुच्छता नव्हती, नोंद होती. मग नुसते आकडे आले. चव वाढवणारे पदार्थ, कंसात सहाशे सत्तावीस, सहाशे एकतीस. आत्याने मला थांबवलं. "नाव न्हाय? नुसता नंबर?" मी म्हटलं, तशी पद्धत आहे. "आमच्या बंदरात बिननावाची होडी नुसता नंबर घेऊन लागली तर पोलीस येतात चौकशीला." मी जमेल तसं समजावलं की मांसमच्छीत जी तोंडाला पाणी सुटणारी चव असते, तीच ही, भुकटी करून घातलेली. आत्याचा चेहरा उजळला. ती स्वतः प्रत्येक कालवणात, अगदी दुधी भोपळ्याच्या भाजीतही, सुका जवळा कुटून चिमूटभर टाकते. "मंग ह्यो जवळाच की," ती म्हणाली. "तिकडं मिळत नसंल बिचाऱ्यांना." निसर्गासारखा स्वाद, असं शेवटी लिहिलं होतं. सारखा म्हणजे सख्खा भाऊ की चुलत, असं तिने विचारलं, आणि त्याचं उत्तर औषधशास्त्राच्या अभ्यासक्रमात नसल्यामुळे मी पुढे गेलो.

परिरक्षकं, म्हणजे अन्न टिकवायची रसायनं, खरंच नव्हती. पाकीट हवाबंद करून आतल्या आत कडक उकळवतात, म्हणून अन्न टिकतं, हे ऐकून तिने दोन वेळा मान डोलावली. तिला ते मनापासून आवडलं. "हुशार हाय," ती म्हणाली. "हवाच न्हाय तर सडनार कशानं?" मला वाटलं, संपलं. तेव्हा तिने ज्यासाठी ती आली होती ते विचारलं. "मीठ किती?"

मीठ शोधायला मला चष्मा पुसावा लागला. मीठ एकदा मीठ म्हणून होतंच. पण पुढे मिठातलंच सोडियम आणखी चार ठिकाणी चार नावं घेऊन बसलं होतं. चव वाढवायला, आंबटपणा सांभाळायला, असं. "येकच मानूस पाच नावांनी गावात आलाय," आत्या म्हणाली. मागच्या तक्त्यात आकडा होता, पण तो शंभर ग्रॅमचा होता आणि डबा त्याच्या तिप्पट. शेजारी एका वाढणीचा आकडा होता, तोही बरा दिसत होता. खाली मुंगीच्या पायाएवढ्या अक्षरात लिहिलं होतं की या डब्यात दोन वाढण्या आहेत. हे वाचल्यावर आत्या हसली. डॉक्टरांकडून आल्यापासून मी तिला पहिल्यांदाच हसताना पाहत होतो. "अरं, ह्यो तर आमचाच धंदा," ती म्हणाली. "वाटा दावायचा येक न् द्यायचा येक. येवढासा डबा दोगं कोन खातं?" मग ती गंभीर झाली. "पन कागदाचं मला कळत न्हाय. वाळवून बगते. पान्यात समदं लपतं."

आणि तिने खरोखरच राजमा-चावल वाळत घातले. कोळीवाड्यात ती बातमी व्हायला वेळ लागला नाही. मासळी वाळवायच्या खळ्यावर एका जुन्या धुवट लुगड्याचा तुकडा अंथरून तिने डबा त्यावर पातळ पसरला, आणि शेजारी, बरोबरीने, स्वतःच्या हातचं बांगड्याचं कालवण पसरलं. दोघांना ऊन सारखं, वारा सारखा, राखण सारखी. शेजारणी येऊन बघून जात. कुणी विचारलं की हे विकणार का, तर ती शांतपणे "न्हाय, तपासनी हाय," म्हणे. मांजरं आली, राजमा हुंगून कालवणाकडे वळली, पण आत्याने तो पुरावा धरला नाही. "मांजराला मासळीची सवय हाय," ती म्हणाली, "त्याचं मत येकतर्फी." तिसऱ्या दिवशी तिने मला बोलावून घेतलं. भाताचे मणी झाले होते. रस्सा वाळून आंबापोळीसारखा एकसंध, लवचिक झाला होता; त्यातला डिंक अजून आपलं काम करत होता. कडेने तेल सुटलं होतं, आणि सगळ्यावर बारीक पांढरं फूल धरलं होतं. आत्याने ते नखाने खरवडलं आणि जिभेवर ठेवलं. मग सरकून स्वतःच्या कालवणाकडे गेली. तिथेही पांढरं फूल होतं, थोडं जास्तच. तेही तिने खरवडलं आणि जिभेवर ठेवलं.

मी तिच्या बाजूने वकिली करायला तयारच होतो. म्हटलं, आत्या, तुझं निदान दिसतं तरी, त्यांचं लपलेलं असतं. तिने माझ्याकडे अशा नजरेने पाहिलं की मी लहानपणी बोंबील चोरताना सापडलो होतो तेव्हाचं सगळं आठवलं. "मीठ त्ये मीठ," ती म्हणाली. "दिसलं काय न् लपलं काय, ह्येंच्या पोटात दोनी सारखंच जानार. माजा पोरगा माज्याबद्दल बोलला त्ये खोटं न्हाय. आनि डब्याबद्दल बोलला त्ये खरं न्हाय." एवढं न्याय्य बोलणं मी आयुष्यात फार वेळा ऐकलेलं नाही. त्या संध्याकाळी तिने चुलीशेजारची मिठाची बरणी उचलली आणि खळ्यावरच्या खोपटात, मासळी खारवायच्या मिठाच्या गोणींजवळ नेऊन ठेवली.

मुलाला मात्र तिने काहीही सांगू दिलं नाही. "दुकानात उबं ऱ्हाऊन बापासाटी निवडून घेतो तो," ती म्हणाली, "त्याला काय सांगायचं?" त्यामुळे डबे दर महिन्याला येत राहिले. ते फेकणं आत्याच्या धर्मात बसत नाही, म्हणून ते माझ्याकडे येऊ लागले, आणि दुपारी दुकानात मी ते खाऊ लागलो, आता अक्षरं वाचून आणि अर्धाच डबा. दुसऱ्या वाढणीचा माणूस मला अजून मिळालेला नाही. आतोबांची तब्येत सुधारली तेव्हा आतेभावाने फोनवर मला मोठ्या आनंदाने सांगितलं की डब्यांनी काम केलं. मी हो म्हटलं. हे त्याच्या वाचनात आलं तर त्याने माझ्यावर रागवावं, आईवर नको.

काम कशाने झालं ते मी पाहिलं आहे. आत्या अळणी रांधू लागली. चिंच, लसूण, हिरवी मिरची, कैरी, ओलं खोबरं यांच्या जोरावर ती मिठाची जागा भरून काढायला निघाली, आणि पहिले दोन महिने तिच्या हातचं जेवण म्हणजे सत्त्वपरीक्षा होती. आतोबांनी गप्प राहून बंड केलं. सदऱ्याच्या खिशात बोंबलाचा तुकडा, वळचणीला मिठाचा खडा, एकदा तर जुन्या होकायंत्राच्या डबीत सुकी वाकटी. आत्या नाकाने शोधून काढायची. पण तिने एक केलं, जे करायला कुणीही सांगितलं नव्हतं. तिने स्वतःही मीठ सोडलं. मी म्हटलं, तुझं रक्त ठीक आहे, तुला कशाला? तर म्हणाली, "येका घरात दोन चवी न्हाय. त्यांच्या म्होरं बसून मी खारं खाऊ?" हळूहळू खिशातले तुकडे बंद झाले. सूज उतरली. डॉक्टरांनी पाठ थोपटली. आतोबा पुन्हा ओट्यावर बसून समुद्राकडे बघत हसू लागले.

आता आत्याच्या जिभेबद्दल सांगायला हवं. बांगडे खारवायचे तर मासा चिरून, धुऊन पिंपात मिठवणीत ठेवतात, म्हणजे मिठाच्या पाण्यात, आणि मग उन्हात घालतात. मिठवणी कमी पडली तर मासा आतून नरमतो आणि पावसाळ्यात बुरसतो. जास्त झाली तर लाकूड होतो. इतर बायका पाण्यात अंडं सोडतात, ते तरंगलं की मीठ बरोबर. आत्याला त्याचं हसू यायचं. "कोंबडीला मासळीतलं काय कळतं?" ती बोट बुडवायची, जिभेला लावायची आणि मुठीने मीठ घालायची. माशात तेल किती आहे, आभाळ कसं आहे, यावर ती मूठ लहानमोठी व्हायची. चाळीस वर्षांत चूक नाही. पावसाआधीच्या बेगमीला माणगावपर्यंतच्या गावांतली माणसं तिचेच बांगडे मागत, आणि शेजारणीही अंडं झाकून ठेवून तिला हळूच बोलावत. कोळीवाड्यात हा मान होता तिचा.

गेल्या वर्षी पावसाळ्यात तिचे बांगडे बुरसले. एका गिऱ्हाइकाचे नाही, सगळ्यांचे. नुकताच घरचा कारभार हाती आलेल्या एका सुनेने ते कागदात गुंडाळून परत आणून दिले आणि बिचारी लगबगीने निघून गेली. आत्याने मासा मोडून पाहिला, वास घेतला, आणि तिला कळलं. मला कळायला आणखी एक दिवस लागला. दोन वर्षं अळणी जेवलेली तिची जीभ बदलली होती. अर्ध्याच मिठाला ती आता पुरे म्हणत होती. ज्या मापावर सारा कोळीवाडा विसंबला होता ते माप तिने नवऱ्याच्या ताटात ठेवून दिलं होतं.

मी माझ्या परीने उपाय सुचवले. दुकानातला काटा देऊ केला, प्रमाण कागदावर काढून दिलं. "तुज्या काट्याला आज दक्षिनेचा वारा हाय ह्ये कळतं का?" तिने विचारलं. अंड्याचं नाव मी काढलं नाही. शेवटी आतोबाच बोलले. जेवायच्या वेळेला मी तिथेच होतो. ते म्हणाले, "तू मीठ घे गो तुज्या पानात. मी बगनार न्हाय." आणि खरंच पाट फिरवून भिंतीकडे तोंड करून बसले. हा एवढा थोरला तांडेल, ज्याने वादळात होड्या आणल्या, भिंतीकडे तोंड करून अळणी भात खात होता. आत्याने खोपटातून चिमूटभर मीठ आणलं, पानाच्या कडेला ठेवलं, त्या मिठाकडे पाहिलं, आणि मग ताट उचलून, नवऱ्याच्या बाजूला भिंतीकडे तोंड करून बसली. मीठ पानात तसंच राहिलं.

या वर्षी बांगड्याची पहिली पिंपं भरली तेव्हा आत्याने दुकानात निरोप पाठवला की ये. मी गेलो. तिने मिठवणीत वाटी बुडवून माझ्यासमोर धरली. "घे," ती म्हणाली. मी बोट बुडवून चाटलं आणि घाईने म्हटलं की बरोबर आहे. मला त्यातलं काही कळत नव्हतं. ती माझ्या बोलण्याकडे लक्षच देत नव्हती. माझ्या तोंडाकडे बघत होती. दोन मुठी टाकल्या, ढवळलं. "आता?" मी परत चाटलं. आणखी एक मूठ. या वेळी माझा एक डोळा आपोआप मिटला, खांदे वर आले. "हां," आत्या म्हणाली आणि झाकण लावलं. त्या महिन्यात असं माझं तोंड तिने सात वेळा वापरलं.

पहिले बांगडे सुकले तेव्हा त्यांतले चार तिने मला बांधून दिले, "खाऊन सांग," असं म्हणून. तिने आयुष्यात कुणाला असं म्हटलेलं मला आठवत नाही. मी घरी निखाऱ्यावर भाजले, कांद्याबरोबर खाल्ले आणि दुसऱ्या दिवशी तिला मुद्दाम जाऊन सांगितलं, "आत्या, पहिल्यासारखे झालेत." ती ओट्यावर जाळं विणत बसली होती, शेजारी आतोबा. तिने सुई थांबवली. "म्हंजे कसे रं?" तिने विचारलं. ती चेष्टा करत नव्हती. तिला खरंच आठवत नव्हतं. मी चांगले, झकास, एकदम मस्त असे दोनचार शब्द चाचपडलो, आणि ते शब्द तिच्यापर्यंत पोचत नाहीत हे मला समजत होतं.

तेव्हा आतोबांनी घसा साफ केला. तीन वर्षं त्या चवीला न शिवलेला तो माणूस, समुद्राकडे बघतच म्हणाला, "मी सांगू? पयलं करपल्याचं कडू लागतं. साल जिबेला टोचतं. मंग खारं येतं, म्हंजे येतंच, डोळे मिटतात. आनि मग गो, कांदा खाल्ला की मागनं गोड येतं. लई उशिरा येतं. घाई केली तर सापडत न्हाय." आत्या ऐकत होती. "मंग?" तिने विचारलं. आतोबा भाकरीचं सांगू लागले. मी चपला घातल्या, त्या दोघांच्या ध्यानातही आलं नाही. खळ्याच्या टोकापर्यंत मला त्यांचा आवाज येत होता. जमिनीवर इतकं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.